भाचेबुवा, आधी तराजू घ्या

चंद्रपूर,
होळीनंतरचा रविवार

चि. भाचेबुवांस,

फोटो पोचले, व्हिडिओही पोचला. ताईने तो कौतुकाने अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर टाकला, त्यामुळे मामीने तो मामाच्याही आधी पाहिला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ग्लायडर धुऱ्यापलीकडच्या झुडपी जंगलात उतरते आणि भाचेबुवा मोबाइल चालू ठेवून त्याच्या मागे आत शिरतात. बाकी सगळ्यांनी अंगठे दाखवले. मामीने पाणी मागितले. तो विषय पुढे येईलच, त्यातून सुटका नाही. आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर.

प्रश्न एवढाच होता की फेव्हिक्विकने थर्माकोलला भोक पडले, तर आता कोणता गोंद वापरू. पांढऱ्या थर्माकोलला फेव्हिक्विक, पंक्चरचे सोल्युशन, फेव्हिकॉल एसआर, स्प्रे पेंट यांतले काहीही लावायचे नाही. ही सगळी त्याचे दाणे विरघळवतात. पांढरा फेव्हिकॉल थर्माकोलला इजा करत नाही, पण दोन जाड तुकड्यांच्या मधोमध तो चार दिवसांनीही ओलाच सापडतो, कारण लाकूड पाणी पिते आणि फोम पीत नाही. सांध्यासाठी ॲरल्डाइट, तोही पातळ थराने. दाबला की परत फुगणारा चिवट ईपीपी असेल तर त्याला मात्र फेव्हिक्विक खुशाल चालते. ग्लू गनचा गोंद हिवाळ्यात बरा असतो. एप्रिलमध्ये बंद गाडीत ग्लायडर ठेवून पाहा, सांधा आपोआप उघडलेला मिळेल.

झाले उत्तर. आता न विचारलेले.

ग्लायडरचे वजन आता ७५० ग्रॅम भरते, हे भाचेबुवांनी अभिमानाने कळवले आहे. खोक्यातून निघाले तेव्हा ते ५०० होते. मधले २५० ग्रॅम कुठून आले याचा हिशोब फोटोतच दिसतो: पंखावर पॅकिंग टेपचे तीन थर, त्यावर दोऱ्याची टेप, मधोमध प्लायची पट्टी, ॲरल्डाइटचे ढेकूळ, आणि या सगळ्याला तोलायला नाकात कोंबलेले शिसे. प्रत्येक वेळी तुटले की थोडे आणखी मजबूत करायचे, हा खाक्या. हा आपल्या घराण्याचा जुना आजार आहे.

जरा आकडेमोड कर. पंख दीड मीटर लांब, सरासरी २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ३० चौरस डेसिमीटर. वजन दीडपट झाले की त्याच पंखावर हवेत टिकायला लागणारा किमान वेग दीडच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी, वाढतो. जमिनीला टेकताना अंगात असलेली ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात वाढते. वजन दीडपट, वेगाचा वर्गही दीडपट, म्हणजे ग्लायडर आता सव्वादोन पट जोराने आदळते. टेप लावली ती आदळल्यावर मोडू नये म्हणून, आणि टेपेनेच आदळणे दुपटीच्या वर नेले! मग आणखी टेप. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्स घेतलेल्या मुलाला हे मामाने पत्रातून सांगावे?

आणि तो फोम किती हलका आहे हे एकदा बघून घे. एवढ्या पंखाचा गाभा, सर्वांत जाड जागी दोन सेंटिमीटर धरला तर, साधारण ४,२०० घन सेंटिमीटर भरतो. घनमीटरला २० किलो घनतेच्या फोममधून कापला तर त्याचे वजन ८५ ग्रॅमच्या आत बसते. पॅकिंग टेपचा एक थर वरून-खालून लावला की २५ ते ३० ग्रॅम होतात. तीन थर म्हणजे तू पंखाला दुसऱ्या पंखाचे वजन चढवलेस.

बरे, चढवलेस ते तरी योग्य जागी? पंख मोडला तो जमिनीवर नव्हे, रबराच्या दोरीने वर खेचताना, आणि मधोमध. त्या वेळी टोके वर वाकतात. पंखाची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. फोम बहुतेक वेळा वरच्या बाजूने दबून चुरगळतो आणि मग घडी होते. टेप फक्त ताण घेते, दाब घेत नाही. दोरीने बैल ओढता येतो, ढकलता येत नाही. भाचेबुवांनी सगळ्यांत जाड टेप लावली आहे ती वरच्या बाजूला.

म्हणजे पंखाला कणा हवा. इथे मामाला खरा राग आला तो तू पंखात घातलेल्या कार्बनच्या नळीवरून. वडशात राहायचे, सायकलवर निघाले की मानवेलाच्या रांजी लागतात, आणि हा मुलगा कुरिअरने कार्बनची नळी मागवतो! तुझ्याच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये वनावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना आपणच देण्याचा अधिकार घेतला. आमच्या चंद्रपुराजवळ चिचपल्लीला सरकारने बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढले. बल्लारपूरची कागद गिरणी तर पिढ्यान् पिढ्या बांबू चघळते आहे. विमानाला बांबू चालत नाही असे कुणी सांगितले तर त्याला सांग, सांतोस-द्युमोंच्या ‘दमोझेल’ नावाच्या चिमुकल्या विमानाचे धड बांबूचे होते. ग्लेन कर्टिसने ४ जुलै १९०८ रोजी ज्या ‘जून बग’मधून ‘सायंटिफिक अमेरिकन’चा करंडक जिंकला, त्याची शेपटी बांबूच्या दांड्यांवर उभी होती.

पण भावनेने पंख उभा राहत नाही, म्हणून आकडे. सहा मिलिमीटर जाडीची, चार मिलिमीटर पोकळीची कार्बनची नळी मीटरला २४ ग्रॅमच्या आसपास भरते. सहा बाय दोन मिलिमीटरची बांबूची कामटी मीटरला नऊ ग्रॅम. दोन कामट्या घेतल्या तरी १८. आता कार्बन बांबूपेक्षा सहा-आठ पट ताठ आहे, हे कबूल. पण तू ती नळी खुपसलीस पंखाच्या पोटात, बरोबर मध्यावर, जिथे वाकताना ना ताण असतो ना दाब. दोन कामट्या एक वरच्या कातडीलगत आणि एक खालच्या कातडीलगत बसवल्या आणि त्यांच्यात १८ मिलिमीटरचे अंतर राहिले, तर गणिताने ती जोडी मधल्या नळीपेक्षा चार पट तरी ताठ निघते. कागदावर करून बघ. सगळा खेळ अंतराचा आहे. अट एकच: कामट्या सबंध लांबीभर फोमला चिकटलेल्या हव्यात, मधे पोकळी राहिली तर जोडी जोडी राहत नाही. शिवाय कार्बन वीज वाहतो, रिसीव्हरच्या अँटेनाला आडवा आला की सिग्नल अडवतो. तुझ्या फोटोत अँटेना त्या नळीलाच गुंडाळलेली दिसते. हे वाचून झाल्यावर लगेच सोड ती.

कामटी बाजारातल्या झाडूची काढू नकोस. बुरडाकडे जा, मुकाट्याने बस, आणि तो पातळ कामटी कशी उभी सोलतो ते बघ. तीन वर्षांचा पक्का बांबू माग. कोवळ्यात पिठूळ भाग जास्त असतो आणि त्याला पोरकिडा लागतो. कामटीखाली पिवळी भुकटी दिसली की ती गेली समज. बांबूचे बळ हिरव्या सालीलगत, आतला पांढरा भाग नुसता भरीचा. म्हणून तासायचे ते आतून. सालीवर मेणचट थर असतो, त्यावर गोंद धरत नाही, तेवढा पॉलिश पेपरने खरवडून काढायचा, खोल जायचे नाही. पेरे वरच्या आणि खालच्या कामटीत समोरासमोर येऊ द्यायची नाहीत. टोकाकडे कामटी निमुळती करायची, कारण तिथे जोरच येत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या कामट्या एकाच बांबूच्या, एकाच वजनाच्या. हे सगळे बुरूड बोलता बोलता सांगेल. तू फक्त ‘दादा, काय करू’ म्हण, ‘व्हिडिओत असं होतं’ म्हणू नकोस.

नवा गाभा स्वतःच काप. २०१८ च्या बंदीपर्यंत गणपतीच्या दिवसांत थर्माकोलची मखरे कापणारे गल्लोगल्ली होते; त्यांच्यापैकी कुणाकडे तरी तापत्या तारेचे धनुष्य माळ्यावर पडलेले सापडेल. वडशात नाटक कंपन्यांची इतकी दुकाने, तिथल्या नेपथ्यवाल्यालाही विचारायला हरकत नाही. नायक्रोमची तार, बारा व्होल्ट, आणि पंखाच्या छेदाच्या आकाराचे सनमायकाचे दोन साचे, एक मुळाशी आणि एक टोकाशी. दोन्ही साचे सारख्या संख्येच्या भागांत विभागून आकडे लिहायचे. दोघांनी तारेची दोन टोके धरायची आणि एकाने आकडे म्हणायचे: ‘चार… पाच… थांब… सहा.’ मुळाचा साचा मोठा, टोकाचा लहान, म्हणून दोघांचे हात वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि आकडा मात्र एकच असतो. तार मधोमध नेहमी मागे राहते. शेवटच्या आकड्याला पोचल्यावर चटकन बाहेर काढलीस तर मागची कड खाल्ली जाते, क्षणभर थांबायचे. तार फार तापली तर फोम तिच्यापासून लांब वितळतो आणि पंख बारीक निघतो. निवली तर ओढावी लागते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. बरोबर असेल तेव्हा मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू निघतात. हे दारे-खिडक्या उघडून करायचे, धूर वाईट असतो. आणि सनबोर्डावर ही तार लावायची नाही. ते पीव्हीसी असते, जळताना त्यातून आम्लाचा वायू निघतो. तुझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यापुढे कूलर, हे मामाला ठाऊक आहे. अंगणात काप.

छेद कोणता, हे मामा सांगत बसणार नाही. एसडी ७०३७ घे, सरळ आहे. त्यातला ‘एस’ म्हणजे मायकेल सेलिग. त्याने आणि जॉन डोनोव्हनने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रिन्स्टनच्या वातबोगद्यात आपल्यासारख्या छोट्या, सावकाश उडणाऱ्या पंखांचे छेद तपासले, आणि तपासायचे कितीतरी नमुने हौशी ग्लायडरवाल्यांनीच घरी बनवून पाठवले होते. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने आकडे बदलतात असे दिसले. तुझ्या पंखाच्या पुढच्या कडेवर टेपेच्या सुरकुत्या आहेत, त्या नखाने मोजता येतील एवढ्या आहेत.

शेपटीबद्दल एकच वाक्य: शेपटीला लावलेला एक ग्रॅम नाकात तीन-चार ग्रॅम शिसे मागतो, कारण शेपटी लांब आहे आणि नाक आखूड.

आता तू म्हणशील, हलके ग्लायडर वारा उडवून नेतो, जड असले तर वाऱ्यात शिरते. खरे आहे. स्पर्धेतले लोक मुद्दाम वजन भरतात. शांत हवेत वजनाने घसरणीचा कोन जवळजवळ बदलत नाही, फक्त सगळे जास्त वेगाने घडते. पण ते लोक वजन भरतात ते काढता येण्यासारखे, गुरुत्वमध्यावर, नळीत सरकवून. वारा पडला की काढतात. टेप काढता येते का? आणि मुळात वाऱ्यात उडवायची गरज काय? मार्चमध्ये सकाळी नऊपर्यंत पान हलत नाही. दुपारी वावटळी उठायला लागल्या की घारी उडतील, भाचेबुवांनी जेवून झोपावे.

परवा कुणीतरी त्याच ग्रुपवर तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचा मजकूर पुन्हा टाकला आणि तू त्यावर हात जोडलेस. हात जोडायचेच असतील तर कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना जोड. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिले. बांधून झाल्यावर नोंदणीसाठी त्यांना सरकारदरबारी खेटे घालावे लागले आणि २०१७ मध्ये ती मिळाली. विमान बांधणारा माणूस कागदही बांधतो, हे त्यातले घेण्यासारखे.

कागदाचा विषय निघालाच आहे तर ऐक. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे ते नॅनो, तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो. हौसेच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, ही सूट आहे. पण हिरवा, पिवळा, लाल असा आकाशाचा नकाशा सगळ्यांना लागू आहे. हिरव्यातही १२० मीटरची मर्यादा, आणि लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही. डिजिटल स्कायवर जाऊन तुझ्या वावराचा रंग बघ. आणि रंग हिरवा असला तरी तू गडचिरोली जिल्ह्यात आहेस, बाबा. पुण्याच्या टेकडीवर रिमोट हातात घेऊन उभ्या राहिलेल्या पोराकडे लोक कौतुकाने पाहतात. तुझ्याकडे रस्त्यावरचा जवान वेगळ्या नजरेने पाहील आणि ते त्याचे कामच आहे. ठाण्यात जा, ग्लायडर काखेत मारून जा, साहेबांना दाखव, कुठे आणि किती वाजता उडवणार ते लेखी दे आणि पोच घे. वडिलांना बरोबर ने. एकटा गेलास तर तू बोलण्यात घाई करतोस.

आता ते शेवटचे अर्धे मिनिट.

२०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात सीटी-१ वाघ पकडला, तेव्हा तू इतका लहान नव्हतास की घराबाहेर पडायची चोरी होती हे आठवू नये. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा मिळून १३ माणसे त्याच्या नावावर होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत इकडे दुर्गापुरात वीज केंद्राच्या परिसरात वाघाने कामगार नेला आणि बिबट्याने शाळकरी पोरगा. हे काही आत ताडोब्यात घडलेले नाही, वसाहतीच्या कडेला घडले. २०२१ पासून तुमच्या बाजूला हत्तीही आहेत. ते धुरा बघून थांबत नाहीत. आणि सध्या मोहाचे दिवस. पहाटे खाली वाकून फुले वेचणाऱ्या बायकांवर हल्ले होतात, कारण वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. झुडपात खाली वाकून पांढरा पंख शोधणारा पोरगा कसा दिसत असेल? व्हिडिओत तू तसाच दिसतोस, आणि मोबाइल तोंडापुढे धरला आहेस, म्हणजे बाजूला काय आहे हे तुला दिसतही नव्हते. मामीने तो भाग थांबवून थांबवून पाहिला. तिला एका करवंदीच्या जाळीमागे काहीतरी दिसले. तिथे काही नाही, सावली आहे, हे मामाने तिला चारदा सांगितले आहे.

वैनगंगेच्या पात्रात जा. होळीनंतर पाणी आटून रेतीचा पट्टा मोकळा पडतो, आडवे झाड नाही, पडले तरी फोमला काही होत नाही, आणि चहूकडे नजर पोचते. फक्त गोसीखुर्दमधून पाणी सोडणार असल्याची सूचना आहे का ते गावात विचारून उतरायचे. एकट्याने नाही. घारी किंवा गिधाडे घिरट्या घालत असली तर त्यांच्या भोवऱ्यात ग्लायडर न्यायचे नाही. ताडोब्यातल्या बोटेझरीला पिंजऱ्यात ठेवून २०२४ मध्ये सोडलेल्या गिधाडांपैकी एखादे तिकडे आलेच, तर तुझ्या थर्माकोलपेक्षा त्याची किंमत फार जास्त आहे.

जुना पंख फेकून दे. टेप सोलून काढायचा प्रयत्न करू नकोस, फोमचे दाणे तिच्याबरोबर येतील आणि पुन्हा ॲरल्डाइटची आठवण होईल. सराफाकडचा नको, किराणावाल्याकडचा एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक तराजू चालेल. नव्या पंखाचा गाभा, दोन कामट्या, गोंद, टेप, प्रत्येकाचे वेगळे वजन लिहून मामाला पाठव. बेरीज १६० ग्रॅमच्या वर गेली तर कुठे गेली ते दोघे मिळून शोधू. कामट्या मामा इकडूनही पाठवू शकतो, पण तू बुरडाकडे गेलास तर बरे वाटेल.

ताईला नमस्कार. तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांग, तुझ्या आजीने अजून पाहिलेला नाही.

आणि झाडीत पडले तर पडले. पुन्हा आत जायचे नाही. अडीच हजारांचे ग्लायडर आहे, मामा दुसरे देईल.

तुझा,
मामा